धावत्या कुत्र्याचे छायाचित्र

हल्ली घरोघरी मोबाइल फोन आले आहेत व त्यांच्याबरोबर छायाचित्रे घेण्याचे साधन अनायासे मुलांच्या हाती पडले आहे. ओसरीवर निजलेल्या किंवा चुलीपाशी भाकरीची वाट पाहत बसलेल्या कुत्र्याचे चित्र कोणालाही बरे साधते. परंतु तोच कुत्रा धावू लागला की चित्रात एका पुसट पट्ट्यावाचून काही उमटत नाही. अशा वेळी आमचे बालमित्र दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात. काही तो नादच सोडून देतात. काही मात्र कुत्र्याला पुन्हा पुन्हा पळवितात, त्यासाठी दगड उचलतात, प्रसंगी त्याच्यामागे फटाकाही लावतात. हे दोन्ही मार्ग आम्हांस पसंत नाहीत. धावत्या कुत्र्याचे चित्र घेण्याचा छंद मुलांनी अवश्य करावा, परंतु तो कुत्र्यास पळवून नव्हे, तर तो आपण होऊन धावेल त्या क्षणाची वाट पाहून करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यात शिकण्यासारखे ते काय, असे पालक विचारतील. यावर आमचे उत्तर असे की, आपले डोळे समजतो तितके विश्वासू नाहीत. घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हे शतकानुशतके घोडे पाळणाऱ्या माणसासही निश्चित सांगता येत नव्हते. सन १८७८ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडले व घोड्याच्या वाटेत दोरे ताणले. घोड्याच्या पायांनी एकेक दोरा तुटत गेला आणि एकेक चित्र उमटत गेले. चारही पाय सुटतात हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु ते सुटतात पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणलेला जो उडता घोडा चित्रकार काढीत आले होते, तो खोटा ठरला.

पुढे १८८७ साली मायब्रिजने प्राण्यांच्या गतीवरील ७८१ चित्रफलक प्रसिद्ध केले. त्यांत कुत्रेही आहेत आणि त्यांची गोष्ट अधिक मौजेची आहे. वेगाने धावणारा शिकारी कुत्रा प्रत्येक झेपेच्या फेऱ्यात दोनदा अधांतरी असतो: एकदा पाय पोटाखाली घेऊन व एकदा ते पुढेमागे पूर्ण ताणून. म्हणजे घोड्याचे म्हणून जे चित्र खोटे ठरले, तेच कुत्र्याचे म्हणून खरे ठरले! आपल्या महाराष्ट्रातील कारवान जातीचा सडपातळ कुत्रा धावताना पाहावा. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो व सुटतो, आणि वेगाचे मर्म पायांइतकेच पाठीत आहे हे ध्यानात येते.

आता कृतीकडे वळू. ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणारा कुत्रा एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जातो. कॅमेऱ्याचे दार सेकंदाचा ५० वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात तो सुमारे १७ सेंटिमीटर सरकतो. मग चित्रात पट्टा उमटेल नाही तर काय? तेच दार सेकंदाचा १,००० वा भाग उघडे ठेवले, तर तो एक सेंटिमीटरही सरकत नाही. परंतु इतक्या अल्प काळात पुरेसा उजेड आत यावा लागतो. म्हणून सकाळची उतरती किरणे साधावीत. वऱ्हाडच्या दुपारी ऊन मुबलक असले तरी सावल्या काळ्याकुट्ट पडतात, आणि शहाणा कुत्रा त्या वेळी निंबाखालून हलतही नाही. चित्र घेणाऱ्याने जमिनीवर बसून कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे, व तो ज्या बांधावरून येणार तेथे आधीच नेम धरून ठेवावा.

दुसरी रीत याहून अवघड व अधिक सुंदर आहे. दार थोडे अधिक वेळ उघडे ठेवून कुत्र्याबरोबर आपणही कमरेतून वळत जावे. भरलेली घागर नेणारी बाई जशी न डचमळता वळते, तसे वळणे साधले तर कुत्रा स्पष्ट येतो आणि मागचे कपाशीचे शेत वाऱ्यासारखे पुसट होते. पहिल्या रीतीत क्षण सापडतो, दुसरीत वेग.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न असा की, कुत्रा धावतो आहे तो कशासाठी? भ्यालेल्या कुत्र्याची शेपटी पोटाखाली जाते, कान मागे पडतात, अंग जमिनीकडे खचते. आनंदाने धावणाऱ्याचे सारे अंग मोकळे असते. सेकंदाचा हजारावा भाग टिपणारा कॅमेरा ही भीतीदेखील तितक्याच बारकाईने टिपतो. दगड मारून मिळविलेले चित्र हे मारणाऱ्याविरुद्ध कायमची साक्ष होऊन बसते.

वाट पाहण्याने काय साधते, हे आपल्याच रानात पाहता येईल. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, व त्याला लागून अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचे अरण्य, येथे रानकुत्र्यांचा वावर आहे. मराठीत यांस कोळसून म्हणतात. कर्नल साइक्स याने १८३१ साली दख्खनच्या या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा हे मराठी नावही नोंदले. इंग्रजी अमदानीत त्यास उपद्रवी ठरवून मारणारास बक्षीस दिले जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय मिळाले. आज वाघांच्या गणतीसाठी रानवाटांवर जे कॅमेरे बांधतात, त्यांच्यापुढून कोळसून गेला की त्याच्या अंगच्या उष्णतेने व हालचालीने कॅमेरा आपोआप जागा होतो. तेथे कोणी हाकारे घालीत नाही, कोणी पाठलाग करीत नाही. मायब्रिजच्या घोड्याप्रमाणे तो आपले चित्र आपणच काढून देतो. ज्या प्राण्याच्या मृत्यूस बक्षीस होते, त्याचे नुसते वाटेने जाणे आज मोलाचे झाले आहे. पाहण्याची दृष्टी पालटली म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कुत्रा चावेल ही पालकांची भीती अवास्तव नाही. म्हणून काही नियम पाळलेच पाहिजेत. खात असलेल्या, बांधलेल्या, आजारी किंवा पिलांजवळच्या कुत्र्याकडे जाऊ नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्तब्ध उभे राहावे. दात लागलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. घरी लपवून ठेवू नये. आमच्या मते, कुत्र्याचे कान, शेपटी व चाल वाचावयास शिकलेला मुलगा दगड उचलणाऱ्या मुलापेक्षा अधिक सुरक्षित असतो.

शेवटी एक सूचना. शाळेच्या पुढील प्रदर्शनात धावत्या प्राण्यांच्या चित्रांस एक भिंत द्यावी, व प्रत्येक चित्राखाली तो प्राणी का धावत होता हे एका ओळीत लिहिण्याचा नियम करावा. कोणी लिहील, ‘मालक शेतातून परत आला म्हणून’. कोणी लिहील, ‘भावंडाने चिंधी पळविली म्हणून’. ‘मी दगड मारला म्हणून’ असे ज्याखाली लिहावे लागेल, ते चित्र भिंतीवर लावण्याचे धैर्य आमच्या एकाही विद्यार्थ्यास होणार नाही, अशी आमची खात्री आहे.