डॉक्टरला कारण विचारा

दर २० मार्चला पनवेलच्या वस्त्यांमधून गाड्या भरून माणसे महाडला जातात. चवदार तळ्यावर अभिवादन करतात आणि रात्री परततात. त्याच महाड तालुक्यात बिरवाडी आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले. त्यांनी तिथे काय केले, हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे.

कोकणातला लाल विंचू डसला की काहींना नुसत्या वेदना होतात. काहींना मात्र दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि मग दम लागतो. त्या काळी असे गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. त्यात लहान मुले पुष्कळ. आधी मांत्रिक, मग दवाखाना, हा ठरलेला क्रम. दवाखान्यातही नेमके काय द्यायचे ते कोणाला ठाऊक नव्हते. जे कपाटात असेल ते टोचायचे.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवायला सुरुवात केली. त्या नोंदींतून दिसले की विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरते आणि माणूस त्याने मरतो. पुण्यात एमडी करून ते पुन्हा कोकणातच आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तो अनुभव लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास आले.

मला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. विंचवाच्या विषावरची लस मिळू लागली, तेव्हा ‘माझी गोळी पुरेशी आहे’ असे म्हणून ते थांबले असते तर कोणी बोट दाखवले नसते. त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. ३५ जणांना फक्त गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. हा निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. आपलाच उपाय आपणच तपासायचा आणि त्याहून बरे काही निघाले तर ते जगाला सांगायचे! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. विंचू उतरवणारा मांत्रिक आपण केव्हाच सोडला. देव्हारेही काढले. पण सुईचा देव्हारा करून ठेवला आहे. ताप आला की सुई हवी, अशक्तपणा वाटला की सलाईन हवे, आणि जो देत नाही तो डॉक्टर ‘हाताला गुण नसलेला’. कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या मिळतात, नाव कशाचेच माहीत नसते. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना ताप उतरवायला टोचलेल्या काही वेदनाशामक सुयांनी रक्तस्राव वाढू शकतो. तिथे साधे पॅरासिटामॉल बरे. फुफ्फुसात पाणी भरत असताना भराभर चढवलेले सलाईनही घातकच. विषाणूच्या सर्दी-तापाला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, तरी आपण ते मागून घेतो आणि दोन दिवसांत सोडूनही देतो.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या काळात ३० क्रेडिट गुण, म्हणजे नव्या शिक्षणाचे तास, जमवावे लागतात. नियम चांगला आहे. पण हॉटेलातल्या जेवणासह गुण जमवणारा डॉक्टर आणि आपल्या रुग्णांची वही लिहिणारा डॉक्टर यांत फरक आहे, आणि तो कौन्सिलच्या कागदावर दिसत नाही. तो आपल्याला दिसू शकतो. मात्र त्यासाठी विचारावे लागते.

इथेच आपली माणसे गप्प बसतात. टॉवरमधल्या रुग्णाला डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगतात, वस्तीतली बाई ‘हे कशासाठी?’ म्हणाली की ‘तुला काय कळतंय’ ऐकते. ऐकून घेऊ नका. आपण वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो, या आणि पाहा. कालामांना तथागतांनी परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका असे सांगितले. मग पांढऱ्या कोटाला त्यातून सूट कशी?

आजाराचे नाव काय, या गोळीचे नाव काय, ही सुई नाही घेतली तर काय होईल, कोणते लक्षण दिसले तर लगेच परत यायचे, एवढे विचारायला एमबीबीएस व्हावे लागत नाही. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा असतो. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने आपली कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यायची, असा २००२ चा नियम आहे. ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवा. पुढचा डॉक्टर त्यावरूनच विचार करणार आहे.

आणि विंचू डसलाच, घाम-उलट्या सुरू झाल्या, तर कोणतीही गोळी घरी न देता थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा. कोणत्या वेळी डसला ते सांगा.

येत्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असेलच. त्यातला एक रविवार आपल्याच समाजातून शिकून गेलेल्या एखाद्या डॉक्टर मुलीला किंवा मुलाला द्यावा. भाषण नको, सत्कार तर मुळीच नको. लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या घेऊन यावे आणि तिने एकेक गोळी कशासाठी आहे ते मराठीत सांगावे. तिला एखाद्या गोळीचे कारण सापडले नाही, तर तेही तिने तिथेच सांगावे.