अर्ज मुलांनाच भरू द्या

आपल्या शाळेत शिकलेली मुले पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जातात, याचा आम्हांला अभिमान आहे. व्हिसासाठी बहुतेकांना आधी तेथील ‘ब्लॉक्ड’ खाते उघडावे लागते. २०२४ साली त्याची वार्षिक रक्कम ११,९०४ युरो ठरली. तेथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. एवढी पुंजी घालणारे पालक अर्ज मात्र एजंटाकडून भरून घेतात. मुलाला अटी ठाऊक नसतात. पासपोर्ट आणि गुणपत्रिकेवरील नावांतला फरकही आयत्या वेळी ध्यानात येतो. हे आम्हांला पटत नाही. ही सवय घरूनच लागावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बँका स्वतःचे बचत खाते चालवू देऊ शकतात. पालकहो, पुढच्या वेळी पैसे भरण्याची स्लिप मुलाच्या हाती द्या!