उन्हाळी बेटावरचा हिवाळा

मैत्रिणींनो, एका भगिनीचं पत्र आलंय. लेक माल्टाला असते, जानेवारीत तिचं पहिलं बाळंतपण. "उन्हाचं बेट म्हणतात, मग सुती साड्या पुरतील ना?" असं त्या विचारतात.

नाही हो ताई, पुरणार नाहीत! भूमध्य समुद्रातल्या या बेटाचं सगळं आपल्या उलट. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो, तिथे जून-जुलै जवळजवळ कोरडे. पाऊस पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जानेवारीत दुपारी १५-१६ अंश, रात्री ९-१०. "एवढी थंडी तर पुण्यालाही पडते," म्हणाल. पण पुण्याची थंडी कोरडी, दुपारच्या उन्हात पळून जाते. तिथली दमट. शिवाय जुनी घरं चुनखडीच्या दगडाची. हिवाळ्यात ओल धरतात.

तेव्हा दोन स्वेटर, लोकरीचे मोजे आणि बंद बूट घ्याच. कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून दुपटी-लंगोट दुप्पट न्या. मात्र ते बाळाच्या खोलीत वाळवू नका, ओल वाढते. गच्चीवर घालताना वारा बघा. दक्षिणेकडचा 'शिरोको' कधी कधी सहाराची धूळ आणतो. त्यात पाऊस आला, की धुतलेल्या कपड्यांवर तांबूस चिखलाचे ठिपके पडलेच म्हणून समजा!

सुती साड्या कपाटातच राहू द्या. पुढे कधी ऑगस्टात, तिशीपारच्या उन्हात नातवंडाला भेटायला जाल, तेव्हा त्या नेसा. आणि हो, पेढ्यांची बातमी कळवायला विसरू नका!