भाडेकरू निवडताना

१९१७ साली बडोद्यात नोकरीस आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आज शिकून पुण्या-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांवर कोणी काठी उगारीत नाही. आडनाव ऐकताच ‘खोली कालच गेली’ एवढेच सांगितले जाते. पुरावा उरत नाही. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, खासगी भाड्याच्या घराचा नाही.

परंतु आता आपल्यातीलही अनेकजण घरमालक झाले आहेत, आणि ‘मुसलमान नको, एकटी बाई नको’ ही भाषा त्यांच्याही तोंडी येते, याचा खेद वाटतो. माझे मत असे की, घर दाखविण्यापूर्वीच अटी कागदावर लिहाव्यात : भाडे, अनामत, उत्पन्नाचा पुरावा, आधीच्या घरमालकाचा अनुभव. सर्वांना त्याच अटी लावाव्यात आणि त्या प्रथम पूर्ण करील त्यास घर द्यावे. नोंदणीकृत करार (१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो बंधनकारकच आहे) व पोलिसांकडील नोंद ही निवडीनंतरची कामे होत; आडनाव तेव्हा लागते, आधी नव्हे. नकार दिल्यास कारण लेखी कळवावे. एजंटलाही हे बजावून ठेवावे, कारण पहिली चाळणी बहुधा तोच लावतो.