सुट्टी बेटावरची, विश्रांती कोणाची?

मे महिन्याच्या मध्याला मराठवाड्यातल्या घराघरांत एका बातमीची चातकासारखी वाट पाहिली जाते. मान्सून अंदमानात दाखल झाला, एवढीच ती बातमी. ती आली की पुढचे हिशेब सुरू होतात. बियाणे कधी आणायचे, पेरणी कधी साधेल, आणि तोवर विहिरीचे पाणी पुरेल का? हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरसारख्या गावी तर ही बातमी धरणाच्या भिंतीकडे पाहतच वाचली जाते. पूर्णा नदीवरच्या या धरणात आणि त्याच्या वरच्या येलदरीत किती पाणी उरले आहे, यावर थेट वसमतपर्यंतच्या उसा-हळदीचे गणित अवलंबून असते.

अंदमान आपल्याला ठाऊक आहे ते असे, पावसाचा पहिला मुक्काम म्हणून. आपल्या आजोबांच्या पिढीला ते सावरकरांच्या जन्मठेपेमुळे, काळ्या पाण्याच्या शिक्षेमुळे ठाऊक होते. गेल्या काही वर्षांत मात्र या नावाला तिसरी ओळख मिळाली आहे. हिरवीगार झाडी, निळे पाणी, पांढरी वाळू असे चित्र असलेली टूरची जाहिरात आता तालुक्याच्या गावातही लागते, आणि शिक्षक, बँकेतले कर्मचारी, अडतदार, हळदीचे बरे पैसे झालेले शेतकरी असे सगळेच ‘एकदा अंदमान करू’ म्हणू लागले आहेत.

यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मुलांचे आजोळ, मोठ्यांसाठी औंढ्याची महाशिवरात्र नाही तर पंढरीची वारी, आणि लग्नानंतर एकदा महाबळेश्वर. नुसते स्वस्थ बसण्यासाठी घराबाहेर पडावे, ही कल्पनाच आपल्या मातीत नवी आहे. ज्या माणसांनी जन्मभर उन्हाळ्यात घागरी मोजल्या, त्यांना चोहोबाजूंनी पाणी पाहावेसे वाटले तर त्यात वावगे काय? हौसेला मोल नसते म्हणतात. पण पैसे मोजावे लागतातच, आणि तेही बहुधा वर्षभराच्या बचतीतले. म्हणून आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे निघण्याआधी पाहिलेले बरे. आपल्याला हवी असते विश्रांती. हाती पडते ती बहुतेक वेळा पळापळ.

अशा सहलीचा नेहमीचा कार्यक्रम पाहा. पाच रात्री, सहा दिवस. पहिल्या दिवशी विमानातून उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी रात्री तीनला उठून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. तिसऱ्या दिवशी सकाळची बोट धरून स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. चौथ्या दिवशी शहीद द्वीप, म्हणजे नील. पाचव्या दिवशी पुन्हा बोट, खरेदी, आणि सहाव्या दिवशी परतीचे विमान. रोज सामान बांधा, रोज सोडा. घरी आल्यावर दोन दिवस अंग टाकून पडावे लागते आणि शेजारी विचारतात, ‘काय, छान आराम झाला ना?’

बेटावर आराम हवा असेल तर पहिली गोष्ट म्हणजे ऋतू. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि घोळ होतो तो इथेच. ज्या बातमीची आपण वाट पाहतो, तीच बातमी तिथल्या पाहुण्याच्या सुट्टीवर पाणी फिरवते. मान्सून साधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अंदमानच्या समुद्रात पोहोचतो. २०२५ साली तर तो १३ मे रोजीच दक्षिण अंदमान समुद्राच्या काही भागांत आला होता. एकदा तो आला की समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहावा लागतो. हिंगोलीकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत पाऊस, तर तिथे सुमारे तीन हजार. शिवाय तो दोनदा येतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्येकडचा सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचेही दिवस. म्हणजे दिवाळीची सुट्टीही बेभरवशाचीच.

जानेवारी ते एप्रिल हा तिथला खरा सुखाचा काळ. शाळकरी मुले असलेल्या घराने परीक्षा संपल्या संपल्या निघावे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात परत यावे. ज्यांना मेअखेरीशिवाय सवडच नाही आणि खर्चही झेपतो, त्यांनी नकाशा उलटा करून पाहावा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला मॉरिशस आहे. तिथे मे महिन्यात सौम्य, कोरडा हिवाळा सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज तिथे आजही आपल्याला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पण तो पासपोर्टाचा आणि मोठ्या खर्चाचा मामला झाला. आपल्यापैकी बहुतेकांचे बेट अंदमानच.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे तिथला सूर्य हिंगोलीच्या सूर्यापेक्षा सुमारे तासभर आधी चालतो. एप्रिलच्या मध्याला तिथे पाच वाजून गेले की उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळलेला असतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमारासच अंधारते. ‘ऊन उतरल्यावर पाचला समुद्रावर जाऊ’ हा आपल्याकडचा बेत तिथे फसतो. तिथल्या घड्याळापेक्षा तिथल्या सूर्याचे ऐकावे. पहाटे उठून पाण्यावर जावे, दुपारी पंख्याखाली झोप काढावी, संध्याकाळी लवकर जेवून आडवे व्हावे. चारला उठून रानात जाणाऱ्या आपल्या माणसांना हे वेळापत्रक शिकवावे लागत नाही. शहरातल्या जाग्रणाने बिघडलेल्यांना मात्र त्याचा गुण येईल.

तिसरी गोष्ट दिवसांची. सिद्धेश्वरहून निघायचे तर आधी नांदेड किंवा परभणी गाठायची, तिथून रेल्वेने हैदराबाद, आणि मग चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमान. जहाजाचाही पर्याय आहे, पण चेन्नईहून तीनेक दिवस लागतात. म्हणजे विमानाने गेले तरी जाण्यायेण्यात दोन-तीन दिवस सहज मोडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले आहे, तेव्हा तिकिटे आणि पाट्या पाहताना गोंधळून जाऊ नये. आठवड्याची सुट्टी असेल तर श्री विजयपुरम आणि आणखी एक बेट, बस्स. त्या एका बेटावर तीन रात्री राहावे. स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले होते. तो अर्ध्या तासात पाहून फोटो काढून निघण्याचा किनारा नव्हे. परतीच्या विमानाआधी मात्र एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. वारा सुटला आणि बोट रद्द झाली, तर तोच दिवस वाचवतो.

आता प्रश्न येतो तो शीर्षकातला. ही विश्रांती कोणाची? घरची बाई सहलीच्या आठ दिवस आधीपासून कामाला लागलेली असते. चिवडा, शंकरपाळे, प्रवासातल्या दशम्या, धपाटे. सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे कपडे, मागे राहिलेल्यांच्या जेवणाची सोय, गोठ्यात जनावरे असतील तर त्यांची व्यवस्था. सहलीतही ‘टॉवेल कुठे आहे?’ हा प्रश्न तिलाच. आल्यावर वाळूने भरलेल्या कपड्यांचा ढीग, तोही तिलाच. बाकीच्यांची सुट्टी होते ती तिच्या जिवावर. बेत ठरवताना तिला कोणी विचारतच नाही, आणि विचारले तरी ‘तुम्हाला आवडेल ते’ हेच उत्तर येते, कारण दुसरे उत्तर देण्याची सवयच लागू दिलेली नसते. थोडे थांबून पुन्हा विचारावे. आपापली पिशवी प्रत्येकाने आपण भरावी, अगदी दहा वर्षांच्या मुलानेही. फराळ घरी करण्याऐवजी विकत घ्यावा. आणि सहलीतला एक दिवस असा ठेवावा की त्या दिवशी कोणालाही कुठेही जायचे नसेल. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचारही आधीच व्हावा. बोटीत चढणे-उतरणे, हलता धक्का, ओली वाळू या गोष्टी माहितीपत्रकात छापलेल्या नसतात.

एक शत्रू खिशातही असतो. चेन्नईहून समुद्रतळाने टाकलेली केबल ऑगस्ट २०२०मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानात संपर्काची सोय बरीच सुधारली आहे. त्यामुळे कार्यालयातला फोन आणि अडतीवरचा भाव दोन्ही तिथेही पाठ सोडत नाहीत. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी फोन पाहावा. बाकी वेळ तो बॅगेत राहिला तरी हळदीचा भाव आपल्यावाचून अडत नाही.

मात्र विश्रांतीचा हिशेब आपल्या कुटुंबापाशी संपत नाही. रात्री तीनला उठून ज्या रस्त्याने बाराटांगला नेतात, तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २०११च्या जनगणनेत हे लोक अवघे ३८० होते. हजारो वर्षे आपल्या जंगलात राहिलेल्या या माणसांजवळून रोज गाड्यांचे ताफे जातात, आणि गाडीतल्यांचे डोळे दोन्ही बाजूंना ‘कोणी दिसते का’ हे शोधत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली या रस्त्याचा तो भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. २०१२ साली जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली तेव्हा देशभर संताप उसळला. आज तिथे थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्याने बंदी आहे. पण कायदा गाडी थांबवू देत नाही, एवढ्याने आपली जबाबदारी संपते का? आपल्या अंगणातून रोज परक्यांच्या गाड्या जाव्यात आणि त्यांनी आपल्या लेकीसुनांकडे टकमक पाहावे, हे आपण एक दिवस तरी सोसू का? बाराटांग वगळावे, असे आम्हाला स्वच्छ वाटते. त्याने रात्रीची झोपही वाचते. आणि वेरूळ-अजिंठा ज्यांच्या दाराशी आहे, त्या मराठवाड्याला गुहांचे दुर्भिक्ष नाही.

पाण्याचेही तसेच. चोहीकडे समुद्र असलेल्या बेटावर पिण्याचे पाणी पावसावरच अवलंबून असते, आणि पर्यटकांचा मोसम नेमका कोरड्या महिन्यांत येतो. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण पाहिले आहे. हॉटेलचे भाडे भरले म्हणून नळ सोडून ठेवण्याचा हक्क मिळत नाही. पोवळ्यांवर पाय देऊ नये. २०१० साली समुद्राचे पाणी तापून तिथली बरीच पोवळी पांढरी पडली, ती सावरायला वर्षे लागतात. शंख-पोवळी खिशात घालून आणणे तर गुन्हाच आहे. आणि काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या धोक्याची पाटी असते, ती शोभेची नसते. तिथे पोहायला उतरू नये.

राहता राहिले सेल्युलर जेल. आरामाच्या सहलीत तुरुंग कशाला, असे कोणी विचारेल. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगात सावरकर बंधूंसह बंगाल, पंजाबातले कितीतरी क्रांतिकारक खितपत पडले. सावरकरांना तिथे जुलै १९११मध्ये आणले गेले आणि १९२१ साली ते तिथून बाहेर पडले. सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. मराठी माणूस तिथवर जाऊन ते न पाहता परतेल, असे नाही, आणि परतूही नये. पण दोन बोटींच्या मध्ये घाईने उरकण्याची ती जागा नव्हे. त्यासाठी एक सबंध दुपार द्यावी, त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. मुलांना निघण्याआधीच घरी थोडी माहिती सांगावी. मग कोलूपुढे उभे राहिल्यावर काय पाहायचे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

शेवटी पैशांविषयी. ऋण काढून सण करू नये, हे जुन्यांचे बोलणे सहलीलाही लागू आहे. हप्त्यांवर केलेली सुट्टी पुढची दोन वर्षे घराला दमवते. यंदा जमत नसेल तर पुढच्या वर्षी जावे, चार पॉइंट कमी करावेत, एक हॉटेल साधे घ्यावे. बेट कुठे जात नाही. यंदाच्या सुट्टीचा बेत आज घरात निघालाच, तर सगळ्यांनी मिळून एक कागद घ्यावा. काय काय पाहायचे याची यादी आपोआप होईलच. मग ती घरच्या बाईच्या हाती द्यावी आणि त्यातले अर्धे खोडायला तिला सांगावे. उरेल तो बेत पक्का.