विश्लेषण : कोकणात ‘सी व्ह्यू’ खोलीसाठी जादा पैसे मोजावेत का? तिथी, भरती आणि जीएसटीचे गणित काय सांगते?

परळी वैजनाथ : वैद्यनाथाच्या दर्शनाला परळीत उतरलेला भाविक खोली घेताना पहिला प्रश्न विचारतो तो मंदिर किती लांब आहे, हा. कशासाठी आलो हे आधी ठरलेले असते, खोली त्यानुसार घेतली जाते. मात्र हाच हिशेब दिवाळीच्या सुट्टीत कोकणात निघालेल्या मराठवाड्यातील कुटुंबांकडून उलटा होतो. मोबाइलवर ‘सी व्ह्यू’, ‘बीच फ्रंट’, ‘प्रीमियम’ अशा खोल्यांची छायाचित्रे पाहून आधी बुकिंग होते आणि समुद्रात काय करायचे, हे तिथे पोहोचल्यावर ठरते. यात पैसे जातातच, पण कधी कधी जिवावरही बेतते.

युरोपातील छायाचित्रे कोकणात का लागू पडत नाहीत?

समुद्रकिनारी रिसॉर्टची जी प्रतिमा डोळ्यांसमोर असते ती बहुतांशी ग्रीस, इटली, स्पेनमधून आलेली आहे. तिथे भूमध्य समुद्र आहे. या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटर असतो. त्यामुळे खिडकीतून सकाळी जेवढे पाणी दिसते तेवढेच संध्याकाळी दिसते. तिथला हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका कोकणात समुद्र खवळलेला असतो तेव्हाचा.

अरबी समुद्राचे तसे नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो, मुंबईत तो पाच मीटरच्या आसपास जातो. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी बरेच आत जाते. दुपारी गॅलरीपुढे फेसाळणारा समुद्र संध्याकाळी ओल्या वाळूच्या पलीकडे गेलेला असतो.

मग भरतीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. चंद्राच्या गतीमुळे हे होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्राचे आकर्षण एकाच रेषेत येते, तेव्हा उधाण असते. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतील फरक कमी होतो, त्याला भांग म्हणतात.

आता दिवाळीचे पाहू. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. बहुतेक कुटुंबे भाऊबीज आटोपून निघतात. द्वितीयेच्या दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. त्यानंतर पाणी ओसरू लागते आणि साडेसातला पूर्ण ओहोटी होते. हे दिवस उधाणाचे असल्याने ओसरणाऱ्या पाण्याची ओढही जास्त असते. जेवून दुपारी तीन-चारला पोहायला उतरणारे नेमके याच ओढीत उतरतात. सप्तमीला हिशेब बदलतो. सव्वापाचला भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी जवळ आणि फरकही कमी. ‘सी व्ह्यू’साठी जादा पैसे मोजायचेच असतील तर ते पंचमी ते अष्टमीच्या मुक्कामासाठी मोजलेले बरे.

हा ठोकताळा ढोबळ आहे. अचूक वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. उंच लाटांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते.

समुद्रासमोरच्या खोल्या महाग का?

त्या मुळात कमी आहेत. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटरवर आणले गेले. त्यामुळे पहिल्या रांगेत जुनी घरे आणि मोजकी बांधकामे दिसतात. ‘सी व्ह्यू’ या शब्दाला कोणतीही सरकारी व्याख्या नाही. सुरूच्या झाडांतून दिसणारी पाण्याची पट्टीही त्यात बसते. म्हणून बुकिंगपूर्वी त्याच खोलीच्या खिडकीतून काढलेले छायाचित्र मागवावे आणि किनारा चालत किती मिनिटांवर आहे, हे विचारावे.

जीएसटीमुळे किती फरक पडतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्यापुढील खोल्यांवर तो १८ टक्केच आहे. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. भाड्यात फरक शंभराचा, बिलात १,०९३ रुपयांचा. तीन रात्रींत हाच फरक ३,२७९ रुपये होतो.

जेवणाच्या बिलाचेही तसेच. ज्या हॉटेलने मागील आर्थिक वर्षात एखादी खोली दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराने दिली असेल, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये ५ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो. आपण स्वस्त खोली घेतली तरी हा नियम सुटत नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, नोंदणी नसलेल्या घरगुती निवासाचे थेट बुकिंग केल्यास जीएसटी लागत नाही. तेच बुकिंग पोर्टलवरून केल्यास कर भरण्याची जबाबदारी पोर्टलवर येते आणि तो बिलात दिसतो.

आधी काय निवडावे?

परळीहून लातूर, पंढरपूर, मिरजमार्गे कोल्हापूरपर्यंत रेल्वे आहे. तिथून घाट उतरून गणपतीपुळे किंवा मालवण गाठावे लागते. चार-पाच दिवसांच्या सुट्टीत समुद्रासाठी दोनच पूर्ण दिवस उरतात. त्यामुळे काय करायचे ते आधी ठरवून त्याच्या जवळची खोली घेणे फायद्याचे ठरते.

स्कुबा करायचे असेल तर मालवण-तारकर्ली परिसर. एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे. दमा, हृदयविकार किंवा गर्भावस्था असल्यास स्कुबा टाळावे लागते, हे पैसे भरण्यापूर्वीच सांगायला हवे. पावसाळ्यानंतर पाण्यातील गाळ खाली बसायला वेळ लागतो. दिवाळी लवकर आली असेल तर पाण्याखाली स्वच्छ दिसेलच असे नाही. सोबत ज्येष्ठ आणि लहान मुले असतील तर कर्ली नदीतील नौकाविहार किंवा मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी सोयीची. देवदर्शन आणि समुद्र दोन्ही हवे असेल तर गणपतीपुळे. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन २०२५ मध्ये राज्यात गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि डहाणूच्या पारनाका किनाऱ्यांना मिळाले. मुक्कामाचे गाव निवडताना हीही एक खूण मानता येते.

सुरक्षेसाठी काय विचारावे?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी आलेली माणसे सुट्टीवर होती.

राज्याच्या ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जमीन, पाणी आणि हवेतील उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रवासी बोटींना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. बोटीची क्षमता किती, परवाना कुठे आहे, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे का, हे तीन प्रश्न काठावरच विचारावेत. जॅकेट परतीच्या फेरीतही अंगावरच असावे. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी बोट न्यायला तयार झाला तरी बसू नये.

बुकिंगपूर्वी आणखी काय पाहावे?

भाडे दोन माणसांचे आहे की चौघांचे, जादा गादीचे किती, नाश्ता धरला आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळतील, हे लेखी घ्यावे. रात्रीची रेल्वे पकडणारे सकाळीच पोहोचतात, खोली मात्र अनेक ठिकाणी दुपारी मिळते. सकाळी आंघोळीची आणि सामान ठेवण्याची सोय आहे का, हा प्रश्न फोनवरच विचारलेला बरा. समुद्र कितीही जवळ असला तरी पहिले चार तास बॅगा सांभाळण्यात गेले, तर दोन दिवसांतला अर्धा दिवस तिथेच संपतो.