टायरचा ताळेबंद

शिर्डीतील एखाद्या व्यापारी कुटुंबाची मोटार डोळ्यांसमोर आणावी. दुकान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर; त्यामुळे गाडी आठवड्यातून दोनतीनदा राहाता, कोपरगाव किंवा श्रीरामपूरपर्यंत जाऊन येते. सहा वर्षांत ती जेमतेम तीस हजार किलोमीटर धावलेली असते. टायरवरची नक्षी अजून खोल दिसते, काळा रंग चकाकतो. अशात नागपूरकडचे लग्न निघते. पूर्वी ज्या प्रवासाला रात्र मोडावी लागे, तो आता समृद्धी महामार्गाने सकाळी निघून दुपारपर्यंत होतो. आजी-आजोबा, सून, नातवंडे आणि आहेराच्या पेट्या घेऊन गाडी निघते. तेल पाहिले जाते, काच पुसली जाते, कागदपत्रे तपासली जातात. टायर मात्र कोणी पाहत नाही, कारण ते ‘नवेच तर आहेत’. घराचा हिशेब नेमका येथे चुकतो.

शिर्डीचे स्थानच असे आहे की टायरचा विचार येथील कुटुंबाला टाळता येत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. मोटारींसाठी सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. एकीकडे हा सरळ, न थांबता धावणारा सिमेंटचा रस्ता, तर दुसरीकडे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेला नगर-मनमाड रस्ता. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि जुलैत कसारा घाटात धो धो पाऊस असतो. या चारही परीक्षा एकाच टायरला द्याव्या लागतात.

वेगाचे गणित ध्यानात घेण्यासारखे आहे. गाडी थांबवताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेग ठेवला तर वेग दीडपट होतो, परंतु ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे सव्वादोनपट होते. हे सारे काम प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या भागावर चालते, कारण कोणत्याही क्षणी रस्त्याला टेकलेला भाग साधारण तेवढाच असतो.

दुकानात ‘ऑल सीझन’ हा शब्द हल्ली वारंवार कानावर पडतो. त्याचा मूळ अर्थ समजून घेतला पाहिजे. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा टायर वेगळा असतो. पारा सुमारे सात अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. म्हणून दोन्ही ऋतूंत चालेल असा मधला टायर तेथे निघाला. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट हा त्याचा प्रसिद्ध नमुना. अशा टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण असते. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, त्यामुळे त्या गुणासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे नगर जिल्ह्यात लोकरीच्या गाद्यांची पेढी घालण्यासारखे आहे. आपल्या तीन ऋतूंसाठी टायरमध्ये दोनच गोष्टी प्रथम पाहाव्यात : तापलेल्या रस्त्यावर दीर्घकाळ टिकण्याची क्षमता आणि ओल्या रस्त्यावरची पकड.

टायर हा आपले खाते स्वतःच्या अंगावर लिहून आणतो. ते वाचता आले की विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे कोरलेले असेल तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरची क्षमता ५६० किलो, म्हणजे चारींची मिळून २,२४० किलो. भारांक ८२ असेल तर हीच क्षमता प्रत्येकी ४७५ किलोवर येते. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे : ‘टी’ म्हणजे ताशी १९०, ‘एच’ म्हणजे २१० आणि ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी भारांकाचा किंवा कमी वेगाच्या अक्षराचा टायर, तो कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये. सोबत आयएसआय खूणही पाहावी. भारतात मोटारीच्या टायरला ती बंधनकारक आहे.

सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. भिंतीवरील ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे त्यातील लवचीकपणा जातो व भिंतीवर बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो काढावा, असे अनेक उत्पादक सांगतात. आपल्याकडील उन्हाचा विचार करता सहा-सात वर्षांची मर्यादा मानणे शहाणपणाचे ठरते. म्हणूनच आरंभी उल्लेखिलेल्या मोटारीचे ‘नवे’ टायर वस्तुतः नवे नव्हेत. नवीन खरेदी करतानाही ही तारीख पाहावी. गोदामात दोन-तीन वर्षे पडलेला माल पूर्ण भावाने का घ्यावा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

सुरक्षिततेची दुसरी नोंद नक्षीच्या खोलीची. नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरले असे समजावे. तो कायद्याचा शेवट आहे. पावसाळ्यात मात्र तेथपर्यंत थांबू नये. खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे असते. त्या उथळ झाल्या की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, गाडी तरंगते आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आली की पावसापूर्वीच बदल करणे इष्ट. टायर ‘गोटा’ होईपर्यंत वापरणे ही काटकसर नव्हे, ती उधारी आहे.

आता टिकाऊपणा. रबर कठीण असेल तर टायर अधिक धावतो, पण ओल्या रस्त्यावरची पकड बहुधा कमी होते. मऊ असेल तर उलट. सिलिका मिसळण्याच्या तंत्राने ही दरी कमी केली आहे, नाहीशी केलेली नाही. त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली’ हा प्रश्नच अपुरा आहे. एकाच कंपनीकडे वेगवेगळ्या गरजांचे टायर असतात. सिएटचा मायलेझ दीर्घ आयुष्यासाठी, तर सिक्युराड्राइव्ह पकड व आरामासाठी आहे. अपोलोचा अॅमेझर ४जी लाइफ अधिक किलोमीटरांसाठी, तर अल्नॅक ४जी पकडीकडे झुकणारा. ब्रिजस्टोनचा इकोपिया इंधन वाचवण्यावर भर देतो, टुरान्झा शांत प्रवासावर. यांपैकी बरीच नावे आपल्या शेजारचीच आहेत : सिएटचे कारखाने नाशिक व नागपुरात आहेत, ब्रिजस्टोनचा चाकणला आणि गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला. काही टायरवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकनही दिसते. ते इंधनबचतीचे माप आहे, ब्रेकच्या पकडीचे नव्हे, हे विसरू नये.

यानंतर येतो किमतीचा हिशेब. समजा, चार टायरांचा एक संच १८,००० रुपयांचा असून ३५,००० किलोमीटर चालतो. दुसरा २४,००० रुपयांचा असून ५५,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च दर हजार किलोमीटरला सुमारे ५१४ रुपये, दुसऱ्याचा ४३६ रुपये. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी महाग संच निश्चितच स्वस्त आहे. परंतु वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीचा हिशेब वेगळा येतो. सहा वर्षांत ती ३०,००० किलोमीटर धावेल आणि मग दोन्ही संच वयामुळेच काढावे लागतील. तेव्हा पहिल्याचा खर्च दर हजार किलोमीटरला ६०० रुपये आणि दुसऱ्याचा ८०० रुपये. म्हणजे जी गाडी कमी चालते तिने ‘जास्त किलोमीटर’ या गुणासाठी पैसे मोजणे हे न वापरलेल्या गाळ्याचे भाडे भरण्यासारखे आहे. अशा कुटुंबाने जादा रक्कम द्यायचीच असेल तर ती ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी द्यावी. सहा हजार रुपयांचा फरक सहा वर्षांवर पसरला तर महिन्याला ८३ रुपये होतात. पावसात वेळेवर थांबणाऱ्या गाडीसाठी ही किंमत जड म्हणता येणार नाही.

खरेदीच्या दोन व्यावहारिक बाबी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी शंभर रुपयांची वस्तू १२८ ऐवजी ११८ रुपयांना पडते. बिल पक्के घ्यावे व त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत, कारण उत्पादनदोषाची हमी त्यावरच मागता येते. दुसरी बाब विम्याची. सर्वसमावेशक विम्यातही केवळ टायर फुटल्याचे नुकसान सामान्यतः मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत, भरपाई मिळते. स्वतंत्र पुरवणी संरक्षण घेतले नसेल तर हा खर्च घरचाच.

उत्तम टायरही हवेच्या हलगर्जीपणाने वाया जातो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, आतून तापते आणि महामार्गावर तासन् तास धावताना फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून हवा पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांब प्रवासापूर्वी, गाडी थंड असताना तपासावी. तापमान वीस अंशांनी चढले की दाब साधारण तीन-चार पीएसआयने वाढतो. वाटेत तापलेल्या टायरमधील हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडणे ही नेहमीची चूक आहे. गाडी भरलेली असेल तर पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवर पूर्ण भारासाठी दिलेला दाब ठेवावा. नायट्रोजन मिळाला तर घ्यावा. तो थोडा सावकाश गळतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा त्याला ताईत समजू नये. दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर टायरांची जागा बदलावी, अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे आणि स्टेपनीचीही तारीख व हवा पाहावी. दोनच टायर नवे घ्यायचे झाल्यास ते मागच्या चाकांना लावावेत. ओल्या वळणावर मागची बाजू घसरली तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही.

टायरला सर्व दोष देणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बसला आग लागून २५ प्रवाशांनी प्राण गमावले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते; परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही. सरळ रस्त्यावर येणारी गुंगी, अतिवेग आणि विश्रांतीचा अभाव यांवर कोणत्याही कंपनीचा टायर उपाय करू शकत नाही. दर दोन तासांनी थांबणे आणि मागच्या आसनावरही पट्टा लावणे हा त्याच हिशेबाचा भाग आहे.

तेव्हा शिर्डीतील त्या कुटुंबाने लग्नाला निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून गाडीच्या चारही बाजूंनी फेरी मारावी. चार अंकी तारीख वाचावी, खाचांत बोट घालून पाहावे, भिंतीवर भेगा आहेत का ते तपासावे, हवा मोजावी. दिवाळीला पेढीवर वर्षभराचा ताळेबंद निघतो आणि जुना, न खपणारा माल मनावर दगड ठेवून बाजूला काढला जातो. सहा वर्षांचा टायर हाही तसाच माल आहे. तो दिसायला शाबूत असतो, पण त्याच्यावर आता घरातील सर्वांत मौल्यवान भांडवल बसवायचे नसते.